किनाऱ्याकडची केबिन

आगबोटीचा नकाशा आमच्या ओसरीवर पसरला गेला तेव्हा घरातल्या एकाही बाईने समुद्र पाहिलेला नव्हता. अंबड तालुक्यातलं आमचं गाव. पाणी म्हणजे विहीर, आणि पावसाळा बरा झाला तर दुधना. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, गावच्या शाळेत मास्तर होते. मुंबईत राहणाऱ्या एका जुन्या सोबत्याला लिहून त्यांनी मुंबई-गोवा बोटीचा कागद मागवला होता. त्यावर अख्खी बोट आडवी चिरून दाखवल्यासारखी काढलेली. खालचा डेक, वरचा डेक, मग केबिनी: दोघांची, चौघांची, खिडकीची, बिनखिडकीची, समुद्राकडची, किनाऱ्याकडची. दादांनी चष्मा लावून तो कागद सहामाहीच्या पेपरासारखा तपासला आणि म्हणाले, "सोयरीक जमवायला बी इतकं पाहत न्हाईत."

प्रवास दादांचा नव्हता. काकूचा होता, आणि सोबत म्हणून माझा. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, जालन्याच्या कॉलेजात शिकणारी, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशा घमेंडीत वावरणारी.

काकू म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची बायको. काका तेरा वर्षांपूर्वी मुंबईला गेले आणि याच बोटीवर खलाशी म्हणून लागले. त्यांची तीन पत्रं आली. शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की बोटीवर गोल खिडकीच्या खोल्या आहेत, एकदा तिला त्यात बसवून नेईन म्हणावं. त्यानंतर पत्र नाही, माणूसही नाही. दादा दोनदा मुंबईला जाऊन आले. बोटीवरचे काही म्हणाले, कोकणातल्या कुठल्याशा बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. काही म्हणाले, समुद्रात पडला. दोन्ही सांगणारे सारख्याच खात्रीने सांगत होते.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, ही आमच्याकडची रीत. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला नारळाचं डोकं बसवायचं, नदीकाठी अग्नी द्यायचा आणि बायकोने कुंकू पुसायचं. येत्या मार्गशीर्षात बारा वर्षं पुरी होत होती. भावकीने दादांच्या मागे लकडा लावला होता. काकूने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "पुतळा जाळा. माझी ना न्हाई. पर आधी मला त्या बोटीत बसून येऊ द्या. खोलीत बसून." दिवाळीनंतर जायचं ठरलं.

आता खोली कोणती घ्यायची हे ठरवण्यात एक मोठी अडचण होती. काकू दादांशी बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी समोरासमोर बोलायचं नाही, एवढंच. ती दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी, दादा ओसरीवर, आणि मी उंबऱ्यात. इकडचं तिकडे करायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं.

"इचार तिला, डेकवर बसून चालंल का? हवा बी लागंल," दादा म्हणाले.

"सांग त्यायला," आतून आवाज आला, "मी कोंबड्या घेऊन बाजाराला न्हाई चालले."

दादांना ते स्पष्ट ऐकू आलं, हसूही आलं, तरी मी पुन्हा सांगेपर्यंत ते थांबले. मग चौघांची की दोघांची, हे मी विचारलं. "दोघांची," काकू म्हणाली. म्हणताना तिच्या तोंडावर जे उमटलं ते माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं. खिडकीबद्दल तर विचारायचीच सोय नव्हती. "खिडकी नसंल तर जायचंच कशाला?" मग राहिली फक्त बाजू. तेवढ्यात दादांच्या शाळेची वेळ झाली. त्यांनी रांजणातलं पाणी घेऊन तोंडावर मारलं आणि उपरण्याने पुसलं. आमच्या घरातले पुरुष तोंड पुसतात ते मानेपासून; आधी मान, मग कान, मग गाल, सगळ्यात शेवटी डोळे. आजोबा तसेच पुसायचे आणि काकाही तसेच. बाजूचं उद्या सांगा, म्हणून दादा गेले.

दुपारी कापूस वेचताना काकूने आपणहून विषय काढला.

"त्यायला सांग, काठाकडची."

"काकू, समुद्र पाहायला चाललीस आन् काठ काय पाहतीस?"

"पाणी पाहून काय करू, माय? मला बंदरं पाहायचीत. हरेक बंदर. मान्सं चढतेत, उतरतेत. खिडकीतून बराबर दिसतीन." दोन बोंडं वेचून झाल्यावर ती म्हणाली, "पाण्यात गेलेलं मानूस काय दिसतंय? काठाला लागलेलं दिसतं."

मला सगळं कळलं. ती फिरायला निघालेली नव्हती. कुंकू पुसण्याआधी एकदा शोधून यायला निघाली होती. काका दिसले असते तर पुतळा जळला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी विचारलं, "काय ठरलं?" काकू केव्हाच वावरात गेली होती. मी म्हणाले, "समुद्राकडची."

का म्हणाले? होस्टेलच्या पोरींना मी सांगून बसले होते, की गोल खिडकीतून समुद्रात बुडणारा सूर्य पाहून येणार. माझ्या मनाने काका कधीच मेलेले होते, आणि काकूचं हे सगळं वेड होतं. तिने कुठे समुद्र पाहिलाय, तिला कोणती बाजू कशी कळणार, असाही हिशेब होता. आपलंच घोडं पुढे दामटायची खोड मला पहिल्यापासून आहे. पण इतक्या वर्षांत यातलं एकही कारण मला पुरलेलं नाही. निरोप्या म्हणून दोन्हीकडच्या माणसांनी माझ्यावर विश्वास टाकला होता आणि तो मी एका शब्दात मोडला. दादा मात्र खूश झाले. "पाह्य, तिला बी समुद्र पाहू वाटून राह्यला," म्हणाले आणि पत्र लिहायला बसले.

जालन्याहून मनमाड, मनमाडहून मुंबई, आणि सकाळी भाऊचा धक्का. केबिन म्हणजे आमच्या कोनाड्याची थोरली बहीण. एकावर एक दोन बाकं, हात धुवायचं भांडं, त्यावर आरसा, आणि भिंतीत पितळी कड्याची गोल खिडकी. काकूने ते कडं आधी बोटांनी चाचपलं. "हीच," म्हणाली. मग पिशवीतून कुंकवाची डबी काढून आरशाखाली ठेवली आणि कपाळावरचं कुंकू नीट केलं. तिच्याकडे पाहून कोणालाही वाटलं असतं, बाई नांदायला आली आहे.

बोट धक्क्यावरून वळेपर्यंत आमच्या खिडकीतही जमीन दिसत होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. मग जमीन सरली आणि नुसतं पाणी उरलं. तासाभरात तिला बोट लागली. खालच्या बाकावर ती लिंबू हुंगत पडली, तोंड खिडकीकडे करून.

"काठ कधी लागंल?"

"लागंल की."

पहिलं बंदर आलं तेव्हा भोंगा झाला, साखळ्या खडखडल्या. काकू धडपडत उठली, दोन्ही हातांनी कडं धरून काचेला कपाळ लावून उभी राहिली. बाहेर पाणी.

"मान्सं वरडायलेत. बंदर कुठाय?"

"बोट फिरंल तवा दिसंल," मी म्हणाले. खोटं एकदा बोललं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. बोट काही फिरली नाही. पुढच्या बंदरालाही ती तशीच उठली, तशीच उभी राहिली, आणि तिच्या कपाळावरचं कुंकू काचेला लागलं. मला तिच्याकडे पाहवेना. मी हवा खायच्या निमित्ताने बाहेर पळाले ते पलीकडच्या बाजूला, जिथे काठ होता.

त्यानंतरच्या बंदराचं नाव मी लिहीत नाही. घरातही ते कधी उच्चारलं नाही. उन्हं कलली होती. बोट काठापासून लांबच थांबली आणि उतारूंना न्यायला पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, आले. एका पडावात एक माणूस उभा राहून बोजे वर देत होता. चाळिशीचा असेल, उघडा, डोक्याला फडकं. शेवटचा बोजा देऊन झाल्यावर तो वाकला, ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, आणि डोक्याचं फडकं सोडून पुसायला लागला. आधी मान. मग कान. मग गाल. शेवटी डोळे.

मी कठडा घट्ट धरला. मी सहा वर्षांची असताना काका गेले होते, त्यांचा चेहरा मला आठवत नव्हता. आठवत होतं ते हेच तोंड पुसणं. काकूला हाक मारायची तर वीस पावलं जावं लागलं असतं. वीसच पावलं. पण मग ती विचारणार होती, काठ इकडे कसा? मी हललेच नाही. माणसाने वर पाहिलं, रांगेतल्या सगळ्यांकडे पाहतात तसं माझ्याकडेही पाहिलं, आणि पडाव वळला.

मानेपासून तोंड पुसणारे जगात फक्त आमच्याच घरात असतील का? असं मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. तरी आजही कोणी मानेवरून फडकं फिरवलं की मी थांबून त्याचा चेहरा पाहते. एसटीत बसतानासुद्धा मी आधी पाहते, कोणत्या बाजूला काय दिसणार आहे, आणि मग सोबतच्या माणसाला खिडकी देते. लोकांना वाटतं, बाई फार मनमिळाऊ.

मी केबिनीत परतले तेव्हा सूर्य थेट खिडकीत आला होता. ज्यासाठी हे सगळं केलं तो सूर्य. सगळी खोली लाल झाली होती, बाकं, आरसा, डबी, काकूचे हात. ती उठून बसली होती आणि त्या उजेडाकडे पापणी न हलवता पाहत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. पुढच्या बंदरांना भोंगा झाला तरी ती उठली नाही. मला वाटलं, मळमळत असेल. येताना मात्र बोट नको म्हणाली. एसटीने आणि रेल्वेने आम्ही गावी परतलो.

मार्गशीर्षात ठरल्या दिवशी सकाळी दुधनेच्या काठी सगळे जमले. पळसाच्या पानांचा पुतळा वाळूत निजवला होता. नारळाच्या डोक्यावर कोणीतरी काकांची जुनी टोपी घातली होती, आणि ती इतकी बरोबर बसली होती की मी तिकडे पाहायचं टाळत होते. बायका काकूला न्यायला येत होत्या. तिने मला हाताने जरा बाजूला ओढलं.

"एक इचारते. त्या खिडकीत दिस बुडाला. मावळतीला काठ असतो का कुठं? जलम वावरात गेला, माय, मला उगवत-मावळत कळत न्हाई का?"

मी हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"राग न्हाई तुझा. मला कळलं तवा उठून पलीकडं जाता येत व्हतं. मीच न्हाई उठले. दिसलं असतं मानूस, चांगलं धडधाकट, तर काय करायचं व्हतं मी? धसकाच घेतला. झाकली मूठ झाकलीच राह्यली." तिने माझा हात सोडला नाही. "पर तू गेल्तीस त्या बाजूला. तुला कोणी दिसलं का?"

मी समोर पाहिलं. दादा नुकतेच नदीतून बाहेर आले होते. ओल्या धोतरात उभे राहून ते उपरण्याने तोंड पुसत होते, मानेपासून.

"न्हाई, काकू."

"बिलकुल?"

"बिलकुल."

तिने मान हलवली. कमरेची कुंकवाची डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली, "तुझ्या लग्नात लागंल," म्हणाली. मग बायका पोचायच्या आधीच तिने स्वतःच्या पदराने कपाळ पुसलं.