धंतोलीतल्या सागवानी खुर्चीचा सांधा

मे महिन्यात नागपूरला जाणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, आणि बरोबरच करतात. पण हा ब्लॉग वाचणाऱ्या नागपूरच्या माधुरीताईंनी पाठवलेला खुर्चीचा फोटो पाहिला आणि मी नाशिकहून गाडी काढली. जुनं फर्निचर दुरुस्त करणं हा माझा धंदा, त्यानिमित्त भटकणं ही हौस, आणि ब्लॉग म्हणजे दोन्हींची चुगली.

समृद्धी महामार्गावर उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी टायर तपासून घ्या. काँक्रीट तव्यासारखं तापतं. डबा आणि भरपूर पाणी सोबत ठेवा, कारण भूक लागली की नेमकं काहीच दिसत नाही. टोल खिशाला जाणवतो, पण दिवसाउजेडी पोचता येतं. मी स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं, तोंडावर पाणी मारलं आणि थेट धंतोली गाठली.

माधुरीताईंच्या आईचं बैठं घर बिल्डरला दिलेलं. शेजारची घरं रिकामी झाली होती, त्यांची दारं-खिडक्याही कुणीतरी काढून नेलेल्या. त्या गल्लीत त्यांच्या आई, म्हणजे माझ्या मावशी, एकट्या उरल्या होत्या. मुलगी त्यांना मनीषनगरच्या आपल्या फ्लॅटवर न्यायला आली होती, पण मावशी हलायला तयार नव्हत्या, आणि ते त्या खुर्चीमुळे.

खुर्ची मात्र देखणी! माधुरीताईंच्या वडिलांनी ती एका जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतलेली. निओक्लासिकल घडण, म्हणजे ग्रीक-रोमन देवळांच्या खांबांवरून उचललेली. पुढचे पाय गोल, खाली निमुळते होत जाणारे, त्यांवर उभ्या पन्हळी. पायाच्या माथ्यावर चौकोनी ठोकळा आणि त्यात कोरलेलं फूल. पाठ लंबगोल, मधल्या पट्टीवर कलश, बैठकीला वेताची जाळी. मागचा पाय आणि पाठीची उभी बाजू एकाच सागवानी फळीतून वळणदार कापून काढलेली. कुठेही खिळा नाही. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं आणि आरपार लाकडी मेख ठोकायची, बस्स. माणूस मागे रेलतो तेव्हा सगळा भार मागच्या पायाच्या सांध्यावर येतो, म्हणून कुरकुर सुरू होते ती तिथूनच. मी हे सगळं कौतुकानं सांगत होतो आणि मावशी माझ्याकडे नव्हे, खुर्चीकडे बघत होत्या.

दिवेलागणीला आम्ही चहा घेत होतो. कट् असा आवाज झाला आणि मग लांबलचक किर्र. खुर्चीत कोणी नव्हतं.

"उठले," मावशी म्हणाल्या.

माधुरीताईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "बाबाले जाऊन किती वर्षं झाली! दुपारी एकदा वाजते, संध्याकाळी एकदा. आई म्हणते, दुपारी बसतात, संध्याकाळी उठून फिराले जातात. आवाज बंद झाला तर ते गेले असं समजीन, मंग तुह्यासंगं येईन, असं कबूल केलं तिनं. टेम्पो परवा सकाळी येऊन राहिला."

आत जाऊन मी मावशींना शास्त्र समजावलं. दुपारी कूलर लागतो, दमट हवेनं लाकूड फुगतं. संध्याकाळी बंद होतो, लाकूड आकसतं.

"हाव," मावशी म्हणाल्या. "पण हिवाळ्यात कूलर कुठी असते गा?"

मी खुर्ची एका हातानं दिव्याखाली सरकवली आणि मागचा सांधा चाचपला.

"उद्या दुरुस्त करा," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळी ते उठल्यावरच हात लावजा. बसल्या माणसाची खुर्ची खोलत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे हाणले. रस्सा झणझणीत असतो, पहिल्यांदा खात असाल तर जपून. मग कळमन्याच्या बाजारात आंब्यांचे ढीग बघत हिंडलो आणि धंतोलीत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. नागपूरची खरी भयाण वेळ हीच. रस्त्यावर चिटपाखरू नाही, झाडाचं पानही हलत नाही. मी आत पाऊल टाकलं आणि खुर्ची वाजली. मावशींनी मान डोलावली, थोड्या वेळानं आतल्या खोलीत आडव्या झाल्या.

मला पहाटेच परत निघायचं होतं. एरवी जुन्या खुर्चीला मी सरस, म्हणजे हाडा-कातड्याचा जुना गोंद, लावतो. तो गरम पाण्यानं पुन्हा सोडवता येतो. पण माधुरीताईंना काम पक्कं हवं होतं, म्हणून पांढरा गोंद आणलेला. त्याला वाळायला वेळ लागतो; संध्याकाळपर्यंत थांबलो तर टेम्पो येईतो सांधा पक्का होणार नव्हता.

"आई झोपली आहे. करून टाका," माधुरीताई कुजबुजल्या.

मी केलं. आदल्या संध्याकाळी ताणलेली वेताची जाळी आता मधोमध दबलेली दिसली. उन्हानं असेल, असं मनाशी म्हटलं. खुर्ची आडवी करायला गेलो तर ती हलेना. आदल्या दिवशी एका हातानं सरकवलेली खुर्ची! माधुरीताईंनी दुसरी बाजू धरली तेव्हा कुठे कलली. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. तरी मेख काढली, सांधा साफ केला, गोंद भरला, क्लॅम्प आवळला.

संध्याकाळ झाली. खुर्ची वाजली नाही. मी स्वतःवर खूश होतो. मावशी मात्र जेवल्या नाहीत. क्लॅम्प काढायचं माधुरीताईंना समजावून मी पहाटे निघालो.

घरी येऊन आठवडा झाला. संत्रा बर्फीचा खोका अजून फोडलेला नाही. लोक विचारतात, नागपूर कसं वाटलं? रस्ता उत्तम, पोहे उत्तम, ऊन जीवघेणं, एवढं सांगतो. काल माधुरीताईंचा फोन आला. टेम्पो रिकामाच परत गेला होता. मग फोन मावशींनी घेतला.

"आता ते उठूनच नाई राहिले गा. त्या दुपारपासून बसलेच हायेत. जेवाले बोलावलं तरी उठत नाईत. त्यायले असं बसवून मी कशी जाऊ?"

तो गोंद सुटत नाही, सांधा मोकळा करायचा तर पाय कापावा लागेल, खुर्ची जाईल, असं मी सांगितलं.

"कापा," त्या म्हणाल्या. "पण मले आधी सांगजा. मी त्यायचा हात धरून ठेवीन."

आजवर एकही जुनी खुर्ची मी कापलेली नाही. हात धजावत नाही. परवा निघतोय, डिकीत करवत ठेवली आहे. मावशींनी हात धरला की मगच ती लावणार.