दहा जणी हव्या होत्या

आमच्या राहीमावशीला दुसऱ्याचं कौतुक झालेलं सोसत नसे, हे मी तिची सख्खी भाचीच सांगते. आष्ट्याच्या ख्रिस्ती मंडळीत पहिला बाप्तिस्मा तिच्या बापाचा, म्हणून प्रार्थनेला ती सगळ्यांच्या पुढे बसायची. सुगीच्या उपासनेला जोंधळ्याची पहिली पेंढी तिच्याच रानातली, आणि ती वेदीपाशी जायची तिच्याच डोक्यावरून. हा मान ती जिवापाड जपे.

जुन्या संदेष्ट्यांची एक भविष्यवाणी तिला फार आवडे. परक्या राष्ट्रांतली दहा माणसं एका यहुद्याचा पदर धरतील आणि म्हणतील, देव तुमच्याबरोबर आहे, आम्हालाही न्या. मावशीने त्या यहुद्याच्या जागी स्वतःला केव्हाच बसवलं होतं. आपला पदर धरून दहा जणी याव्यात, असं ती देवाकडे रोज मागे.

आली एकच. सेहेचाळीस साली जतकडची हरणाबाई धनगरीण मेंढरं घेऊन आली. लेंडीखतासाठी मावशीने ती मेंढरं आपल्या रानात बसवून घेतली आणि धान्य देता देता भविष्यवाणीही सांगितली. हरणाबाईने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मावशी गावभर मिरवली. पण हरणाबाईचा गळा गोड. ती गायला लागली की बायका तिच्याभोवती जमत, आणि मावशीच्या अंगाचा तिळपापड होई. पुढच्या साली तिने मेंढरं रानात बसूच दिली नाहीत. मेंढरं शेजारच्या रानात बसली आणि शेजाऱ्याचा जोंधळा तरारला.

त्यातच मंडळीच्या पाळकांनी सांगितलं, यंदा पेंढी हरणाबाईच्या डोक्यावर.

मावशी तडक त्यांच्याकडे गेली. "बापापासनं मान आमचा हाय. ही काल आलीया."

पाळक म्हणाले, "राहीबाई, तुमच्या वडिलांना आत कुणी आणलं?"

मावशी आली तशी माघारी फिरली. साताऱ्याहून आलेल्या उपदेशकाच्या उपरण्याचं टोक धरून बाप बिचकत आत शिरला होता, हे तिनेच आम्हाला कौतुकाने सांगितलेलं.

उपासनेच्या दिवशी तिने स्वतः कापलेली पेंढी हरणाबाईच्या डोक्यावर ठेवली. ठेवली कसली, आदळलीच. कणसं हरणाबाईच्या डोळ्यांवर आली. तिने चाचपडत मावशीचा पदर धरला.

"आक्का, मला दिसंना. न्या मला."

मावशीने पदर ओढला, मग सैल सोडला आणि रिकाम्या डोक्याने पुढे चालू लागली. वेदीपाशी तिने डोळे मिटले. मी शेजारीच होते.

"देवा," ती पुटपुटली, "एकीनंच लय जाळलं रं. ऱ्हायलेल्या नऊ जणी जरा दमानं धाड."