सासूबाईंचं यंत्र, माझा फोन

आमच्या घरात सगळी यंत्रं मी चालवते. मिक्सर, इन्व्हर्टर, गीझर आणि (रागावेल, पण खरं आहे) नवरा. त्यामुळे आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कानाचं मशीन आलं तेव्हा त्याचाही ताबा मीच घेतला.

आईंना ते नको होतं. पण शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी फिरताना मागच्या स्कूटरचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही आणि त्यांना चुकवण्याच्या नादात तो स्कूटरवाला चाटच्या ठेल्यात घुसला. तेव्हापासून त्यांचं फिरणं बंद!

"मशीन घाला, मग जा," मी बजावलं.

"बघते थोडे दिवस. नाही पटलं तर डबीत!" त्यांनीही बजावलं.

साकेत नगरच्या दवाखान्यातल्या बाईंनी नीट समजावलं होतं. सुरुवातीला घरात, शांत जागी घाला, अंघोळीआधी काढा, आवाज एकदम वाढवू नका. मशीन मोबाइललाही जोडता येतं, फोन थेट कानातच ऐकू येतो म्हणे. "आजींच्या मोबाइललाच जोडा," त्या म्हणाल्या. आईंचा मोबाइल जुना, बटणांचा. म्हणून मी माझ्या मोबाइलला जोडलं. (आवाज कमी-जास्त करायची सत्ता दुसऱ्याकडे कशाला?)

दुसऱ्या दिवशी आई बैठकीत भेंडी चिरत होत्या, मी स्वयंपाकघरात. नागपूरहून माझ्या बहिणीचा, सुनीताचा फोन आला.

"बोल गं!"

फोन ढिम्म.

"हॅलो! सुनीता! काही ऐकू येत नाहीये!"

मी फोन झटकला, पदराला पुसला, खिडकीशी नेला. तेवढ्यात बैठकीतून आईंचा आवाज आला, "बरी आहे. भेंडी चिरतेय."

वाटलं, शेजारीण आली असेल.

"नाटक? मी कशाला नाटक करू? असं म्हणाली ती?"

बाहेर जाऊन बघते तर खोलीत कोणी नाही! आई हातात सुरी घेऊन हवेशी बोलताहेत.

"आई, कोणाशी बोलताय?"

"तुझ्या सुनीताशी. विचारतेय, म्हातारीची नाटकं चालूच आहेत का. मला म्हणे सोयीचं तेवढंच ऐकू येतं. तूच सांगितलंस ना तिला?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुनीता बोलत होती ती थेट आईंच्या कानात! आणि आईंचा आवाज मशीनमधूनच तिकडे जात होता. (सुनीताला वाटत होतं, माझा घसा बसलाय, हे नंतर कळलं.) माझ्या हातातला फोन नुसता शोभेचा! मी फोन बंद करायला गेले आणि घाबरून आवाज वाढवायचं बटण दाबलं.

"हां, आता कसं स्पष्ट येतंय!" आई म्हणाल्या.

संपलं! मशीन आता डबीत जाणार, फिरणं कायमचं बंद, आणि दोष माझा. मी हळूच म्हटलं, "आई, रागावून मशीन काढू नका हं."

"काढू कशाला? आत्ता कुठे घरात काय चाललंय ते कळायला लागलंय!"

संध्याकाळी त्या चपला घालून, मशीनसकट, तळ्यावर निघाल्यासुद्धा.

पुढच्या तपासणीला दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "आजी, मशीनचा काही त्रास?"

"मला काही नाही," आई म्हणाल्या. "हिला मात्र फोनवर अजिबात ऐकू येत नाही. जरा हिचे कान तपासा."

बाईंनी खरंच तपासले. कान ठणठणीत निघाले. माझ्या तोंडासाठी मात्र त्यांच्याकडे कुठलंच मशीन नव्हतं!