पीडीएफवाल्याचं गाणं

पेडगावला नात्यातल्या एका लेकराचं नाव ठेवायचं होतं. बायको जाऊन आठ-नऊ महिने झाले होते आणि चार माणसांत बसायचं म्हटलं की मला बेजार वाटायचं. पण सून म्हणाली, "मामा, चला. घरात बसून काय करायलाव?" म्हणून गेलो.

पाळण्याभोवती बायांनी गाणं धरलं आणि माझ्या हातातला चहा तसाच निवला. गाणं माझ्या बायकोचं होतं. पाळण्यातल्या पोरीला ती त्यात सांगते, शाळेत गेलीस की पहिल्या बाकावर बस, कोणी उठ म्हटलं तरी उठू नको. कापूस वेचता वेचता तिनं ते जुळवलं तेव्हा मी तिच्या शेजारच्याच तासाला, बाजूच्या ओळीत वेचत होतो.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "हे कोणाचं हाय?"

पुढं बसलेल्या बाईनं मोबाइल वर करून दाखवला. "पीडीएफमधलं हाय, भाऊजी."

"ते दिसलं. केलेलं कोणी?"

"पीडीएफवाल्यानं केलं असंल की! तुमी बी लय खोदून इचारायलाव."

बाया हसल्या. सुनेनं तेवढी ती फाईल आपल्या मोबाइलवर मागून घेतली.

मी चौथी शिकलेला, बायको सातवी. ती गाणी करायची ती हात कामात असतानाच, बसून कधीच न्हाई. एका कार्यक्रमात कॉलेजच्या एका सरांनी तिला ऐकलं, गाणी उतरवून घेतली आणि शहरातल्या एका प्रकाशकानं त्याचं पुस्तक काढलं. पुस्तक घरी आलं तेव्हा तिनं आपलं नाव बोटानं चाचपून बघितलं आणि म्हणाली, "छापल्यावर केवढं लांब दिसायलंय हो माझं नाव." तिच्या वाट्याच्या प्रती तिनं महिनाभरात वाटून टाकल्या. घरात एकच उरली.

ती फाईल मी सुनेकडून मोबाइलवर घेतली. वर कव्हर न्हाई, नाव न्हाई, एकदम पहिलं गाणंच सुरू. मुलगा पालमला शिक्षक हाय. त्यानं चौकशी केली तर त्याच्याच शाळेतले एक सर निघाले. ते मोबाइलवर फुकट पुस्तकांचा ग्रुप चालवतात. मी म्हणालो, घरी घेऊन ये त्याला. माणूस आला बिचारा, पाया पडला.

"काका, मला वाचनालयाची प्रत मिळाली. तिच्यावर जाड जिल्द घातलेली, कव्हर नव्हतंच. आत सुरुवातीला नुसते शुभसंदेश. सभापती, चेअरमन, सगळ्यांचे फोटो. ते कोण वाचतंय? फाईल जड व्हायली होती, म्हणून ती पानं काढून टाकली."

"त्याच पानांत माझ्या बायकोचं नाव होतं."

"मला वाटलं लोकगीतं हायेत, काका."

"लोकं न्हाई, माझी बायको होती ती."

पण घरातली प्रत काढून बघितली तर मला त्याचा पुरता राग बी धरता येईना. फेटेवाल्यांच्या गर्दीत तिचं नाव शोधायला मलाच चार पानं उलटावी लागली.

मग मुलगी आली मानवतहून. ती हापिसात नोकरीला, तिला कायद्याचं लय. आल्या आल्या भावावर तुटून पडली.

"ही चोरी हाय. कॉपीराइट म्हणतात त्याला. तक्रार कर आन् फाईल काढायला लाव."

"ताई, पुस्तक कुठंच मिळत न्हाई. फाईल काढली तर आईची गाणी कोण म्हणंल? वाचायला सगळ्यांना फुकट मिळालं पाहिजे."

"मंग तू बी शाळेत फुकट शिकीव की!"

दोघं शिकलेले, दोघांचं तोंड चालू, आणि आई कोणाच्याच बोलण्यात न्हाई. मी म्हणालो, गप बसा. तुमच्या आईला कोणी गाणं मागितलं तर ती न्हाई म्हणायची का? बसवून घेऊन शिकवायची. फक्त उठताना म्हणायची, "माझं हाय, सांगून म्हणा." एवढंच करायचं हाय. त्याला वकील बी नको आन् भाषण बी नको.

आमच्या बौद्ध समाजात माणूस जाऊन वर्ष झालं की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात आणि आलेल्या लोकांना पुस्तकं देतात. मला तिचंच पुस्तक द्यायचं होतं. प्रकाशकाला फोन लावला.

"प्रती संपल्यात, आजोबा."

"मंग नवीन छापा."

"खप नाही हो. परवडत नाही."

"मंग आमी छापतो."

"तसं नाही करता येणार. करारावर तुमच्या पत्नीची सही आहे. हक्क आमच्याकडे आहेत."

म्हणजे हा छापणार बी न्हाई आणि छापू बी देणार न्हाई. फुकटवाला नाव कापतो आणि हक्कवाला पुस्तकच गाडून ठेवतो. कोणत्या बाजूनं डोकं आपटावं माणसानं?

मुलाच्या शाळेतल्या त्या सरांनी नावाचं पान लावून फाईल पुन्हा ग्रुपवर टाकली. पण जुनी फाईल आता परत बोलवता येत न्हाई म्हणे, ती कुठल्या कुठं गेली. मी उठलो, घरातली प्रत घेतली आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसलो. तिच्या नावाचं पान सगळ्यात वर लावलं. शुभसंदेश मी बी गाळले. कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक एक प्रत दिली आणि देताना प्रत्येकाला म्हणालो, आधी नाव वाचा. पेडगावच्या त्या बाईनं तर उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं आणि पदर डोळ्याला लावला.

कोणीतरी त्या झेरॉक्स प्रतीचा फोटो मोबाइलवर पुढं पाठवला. आठवड्यानं प्रकाशकाचा फोन.

"आजोबा, तुम्ही विनापरवाना प्रती काढल्यात. आम्हाला केस करावी लागेल."

"करा. पण कागदावर तिचं नाव नीट घाला. तिचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं पूर्ण."

"आजोबा, समजून घ्या, यात तुम्हालाच त्रास—"

"कोर्टात शिपाई दारात येऊन मोठ्यानं पुकारा करतो. पुस्तकाची केस म्हटल्यावर तिचं नाव घ्यावंच लागंल. मी भायेर बाकड्यावर बसून ऐकीन. तारीख तेवढी कळवा."

मग त्यानं फोन ठेवला. तारीख अजून आलेली न्हाई.