दोरा काढलेलं चित्र

रफूमावशींचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. कोटाला भोक पडलं, स्वेटर उंदराने कुरतडला, की लोक एवढंच म्हणत, "मावशींकडे टाक." त्यांनी रफू केलेलं कापड कुठे फाटलं होतं, ते शोधायला खुद्द मालकाला खिडकीशी जावं लागे. कुणी वाखाणलं तर मावशी म्हणायच्या, "हात माझे, करून घेणारा तो."

साठी उलटल्यावर त्यांनी रफूचं पुस्तक लिहिलं. प्रकाशक कुठला मिळायला? स्वतःच छापायचं ठरलं. मजकूर मावशींचा, कम्प्युटर सुनेचा. चित्रं दोघींनी इंटरनेटवरून शोधली. ज्यांच्या मालकांनी "खुशाल वापरा" असं लिहून ठेवलंय, तेवढीच.

"फुकट ते पौष्टिक!" मावशींचे यजमान पेपराआडून म्हणाले.

"फुकट नाही हो बाबा, मोकळं," सून म्हणाली. "मोकळ्या घरालाही उंबरठा असतोच की. प्रत्येकाची अट निराळी." विकायच्या पुस्तकात चालत नाहीत अशी दोन चित्रं तिने आधीच गाळली होती.

मुखपृष्ठासाठी मात्र मनाजोगतं चित्र सापडलं. खिडकीपाशी एका म्हातारीचे हात, हातात मोजा, मोज्यात सुई. फक्त तिच्या बाहीचा एक दोरा लोंबत होता. मावशींच्या डोळ्यांत तो खुपायला लागला. लोंबता दोरा दिसला की त्यांचा हात आपसूक कात्रीकडे जायचा.

"अगं, रफूच्या पुस्तकावर हे ध्यान? लोक हसतील. काढ तो." सुनेने माउस फिरवून दोरा पुसून टाकला. मावशींना हायसं वाटलं.

पुस्तक प्रेसमध्ये गेलं. शेवटच्या पानावर चित्रकर्त्याचं नाव बिनचूक पडलंय ना, हे पाहायला सुनेने ते चित्र जिथून घेतलं होतं ते पान पुन्हा उघडलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, घोळ झाला. नाव द्या, विका, पण बदललेलं चित्र छापू नका, असं लिहिलंय. मी 'विका'पर्यंतच वाचलं."

"आपण बिघडवलं कुठे? सुधारलंच ना?"

"सुधारलं तरी बदललंच."

मावशींनी फोन उचलला. "भाऊ, मशीन थांबवा."

"मावशी, कागद चढवून बसलोय!" प्रेसवाले भाऊ कळवळले.

"बसा थोडं. चहा घ्या."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. "एवढ्याशा दोऱ्यासाठी? तो चित्रवाला कुठला कोण, बघायला येतोय थोडाच!"

"बघणारा वर बसलाय," मावशी म्हणाल्या. "आणि गिऱ्हाइकाने भोक बुजवायला दिलेला कोट मी माझ्या आवडीने आखूड केला, तर चालेल का?"

"परवानगी मागून बघू का?" सुनेने विचारलं. "पण उत्तर कधी येईल, सांगता येत नाही."

पहिलंच पुस्तक, आणि त्यावर कच्चं काम! मावशींनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायला सांगितली आणि चष्मा पुसून कितीतरी वेळ पाहत बसल्या. दोरा काढलेली बाई नीटनेटकी होती, पण फोटो काढून घ्यायला बसल्यासारखी. दोरा लोंबणारी मात्र खरोखरच कुणाचा तरी मोजा शिवत होती.

"हिला स्वतःच्या बाहीकडे बघायला सवड कुठली," मावशी पुटपुटल्या.

"तुझ्या स्वेटरच्या कोपराला गेला महिनाभर भोक आहे," यजमान म्हणाले.

मावशींनी कोपर वळवून पाहिलं आणि खुदकन हसल्या. "घाल गं मूळचंच. जसं आहे तसं, अख्खं."

सुनेने चित्र बदललं, शेवटच्या पानावर नाव, परवान्याचा प्रकार आणि चित्राचा इंटरनेटवरचा पत्ता घातला. ते अटींचं पान तारखेसकट जपूनही ठेवलं. उद्या चित्रकर्त्याने ते काढून टाकलं तर हाताशी पुरावा हवा. मावशींनी देवाचं नाव घेऊन पुन्हा फोन लावला.

"भाऊ, नवं मुखपृष्ठ पाठवलंय. चालू करा मशीन. आणि बाहीवर एक दोरा दिसेल, तो चुकून पडलेला समजून पुसायला जाऊ नका हं!"