तिला चहाला पाठवलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमदारांच्या सभेनंतर समाजमंदिरातल्या सतरंज्या झटकून त्यांच्या घड्या घालणं. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. सतरंजी लांब असते, एकट्याच्यानं आवरत नाही. दोघांनी ताणून धरायची, दोनदा झटकायची, मग चालत एकमेकांजवळ यायचं आणि तिचं टोक माझ्या हातात द्यायचं. पंचवीस-तीस वर्षं आम्ही हेच करत आलो. दर वेळी तिची टकळी चालू असायची, कोण कुठं बसलं, कोणाला डुलकी लागली, कोणी चहा दोनदा घेतला. त्या दिवशी ती एवढंच बोलली, "धरा." आणि घडी झाली की, "सोडा."

मी गावचा कोतवाल होतो. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, तिची सातवी. कोतवालाचं काम म्हणजे तलाठ्याचा निरोप न्यायचा, साहेब आले की खुर्च्या मांडायच्या, सतरंज्या अंथरायच्या आणि दाराजवळ उभं राहायचं. नोकरी सुटली तरी सभा असली की गाव मलाच बोलावतं. नवा कोतवाल पोरसवदा आहे, त्याला सतरंजी उलटी की सुलटी तेही कळत नाही. सगळं गाव मला मामा म्हणतं, म्हणून माझी बायको ती मामी.

त्या आठवड्यात मामीच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या होत्या. हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कळलंच नाही असं कोणाला वाटायला नको. गोळ्या गावातल्या उपकेंद्रातून मिळायच्या, फुकट. उपकेंद्राची इमारत नवीन आहे, पिवळा रंग, बाहेर बसायला सिमेंटचा बाक. पण तिथली नर्सबाई बदलून गेली आणि तिच्या जागी कोणी आलं नाही. दुसऱ्या गावची नर्स अधूनमधून यायची, मग तीही येईनाशी झाली. मामी दोनदा जाऊन कुलूप पाहून आली. मी म्हटलं, बाजाराच्या दिवशी धाड गावाला गेलो की मेडिकलमधून आणतो. बाजाराचा दिवस आला तेव्हा मी समाजमंदिराच्या भिंती झाडत होतो, कारण चार दिवसांनी आमदार येणार होते. बाजार राहिला, गोळ्या राहिल्या.

सभेच्या आदल्या दिवशी सरपंच घरी आला. माझ्या पोरीच्या वयाचा आहे. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, मामी मागच्या अंगणात गेल्याचं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "मामा, उद्या मामीले जरा सांभाळा."

"काऊन?"

"ते उपकेंद्राचं इचारतीन. आपला रस्ता साहेबाच्या टेबलावर हाय. सही बाकी हाय फक्त. चारचौघांत साहेबाले खिजवलं तर रस्ता गेला."

"मी काय तिच्या तोंडाले हात लावू?"

"नाई हो मामा. पण तुमचं आयकते न त्या."

हे काही खरं नव्हतं. ती माझं कधीच ऐकत नव्हती. पण सरपंचानं ते असं म्हटलं की मला बरं वाटलं. म्हातारा झाला तरी माणूस असाच मूर्ख असतो. मी म्हटलं, "पाहतो."

सभा दुपारी होती. आमदार वेळेवर आले, त्यांना मी वाईट म्हणणार नाही. बाकीचे येतात ते हार घालून घेतात, हात हलवतात आणि जातात. हे कागद घेऊन आले होते. म्हणाले, "अधिवेशनात काय झालं ते तुम्हाला येऊन सांगणं माझं काम आहे." मग त्यांनी अर्थसंकल्प सांगितला. कोणत्या खात्याला किती वाढवून दिलं, कोणत्या रस्त्याला, कोणत्या तलावाला. तरतूद हा शब्द त्यांनी इतक्यांदा म्हटला की पुढं बसलेली म्हातारी माणसं त्या शब्दाला माना हलवू लागली. मी दाराजवळ उभा होतो. मामी बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसली होती. तिनं पांढरी, बारीक काठाची धुतलेली साडी नेसली होती. ती ठेवणीतली. तेव्हाच मी ओळखलं.

मग दवाखान्यांचा विषय निघाला. आमदार म्हणाले, आरोग्याला यंदा जास्त पैसा दिलाय. तालुक्याच्या दवाखान्यात यंत्रं येणार. आणि दवाखान्यांसाठी एक नवा कायदा विधानसभेत मांडलाय, तो आता समितीपुढं आहे, पुढच्या अधिवेशनात मंजूर होईल. त्याचा अर्थ त्यांनी सोपा करून सांगितला. "यापुढं कोणताही दवाखाना, सरकारी असो की खाजगी, अत्यवस्थ पेशंटला दारातून परत पाठवू शकणार नाही. तसं केलं तर शिक्षा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तशी मामी शेजारच्या बाईला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "अन् दारच बंद असलं तर?"

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "मामी, दम धरा, अजून सवालाचा टाइम नाई झाला."

"मंग थांबते. मले कुठं जायचं हाय?"

सरपंचानं माझ्याकडं पाहिलं. आमदार हसून म्हणाले, "माझं झालं आता. तुम्ही विचारा. मी ऐकायलाच आलोय." पहिला हात एका शेतकऱ्याचा वर गेला, त्याला शेतातल्या विजेच्या डीपीचं विचारायचं होतं. तो बोलत असताना मी बायकांच्या बाजूनं वाकून मामीजवळ गेलो आणि म्हणालो, "चहा घेऊन ये."

तिनं वर पाहिलं. "आत्ता?"

"साहेबाले निघायचं हाय. उकळून ठेवलाय न? गरम कर अन् आण."

"दुसऱ्या कोनाले पाठवा."

"घर आपलं हाय. दुसऱ्याले काय सापडन तुझ्या सैपाकघरात?"

घर समाजमंदिराच्या मागंच. चहा तिनंच करून ठेवला होता. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. उठताना तिला जड गेलं, बाजूच्या बाईनं हात दिला. ती माझ्याकडं न पाहता बाहेर गेली. पाहुण्याचा चहा रखडवणं तिच्याच्यानं झालं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर मी चहा सांगितला. दुसरं काही सांगितलं असतं तर ती उठली नसती.

ती ट्रे घेऊन आली तोवर डीपीचं झालं होतं, पांदण रस्त्याचं झालं होतं, एकानं शाळेच्या पत्र्याचं विचारलं होतं, आणि आमदार उठून उभे होते. त्यांनी उभ्यानंच चहा घेतला. मामीला म्हणाले, "जयभीम, मावशी. चहा फार छान."

"जयभीम," ती म्हणाली. तिला तेवढ्यातही विचारता आलं असतं. पण मागं गाडी सुरू झाली होती, लोक फोटोसाठी रेटत होते, आणि तिच्या हातात ट्रे होता. कप रिकामे होईपर्यंत ती ट्रे धरून उभी राहिली.

मग सतरंज्या. शेवटची घडी झाल्यावर ती म्हणाली, "तुमाले माहीत व्हतं, मी इचारणार."

"हाव."

"मंग?"

"रस्ता व्हायचा हाय गावाचा."

"त्या रस्त्यानं कुठं जायचं, कुलूप पाहाले?"

मी म्हटलं, "पुढच्या वेळेस इचार."

तिनं पदरानं मान पुसली आणि म्हणाली, "मान दुखून राह्यली सकाळपासून."

मी म्हटलं, "पड जरा घरी जाऊन."

ती घरी गेली, पण पडली नाही. मी चावी पंचायतीत देऊन परत आलो तेव्हा ती ओट्यावर मेथी निवडत होती. दिवे लागायला अजून अवकाश होता. माझ्याशी काहीतरी बोलायला लागली आणि शब्द वाकडे येऊ लागले. मला वाटलं तोंडात काही आहे. मग तिचा उजवा हात मेथीत पडला तो तसाच राहिला. मी हाका मारल्या. ती माझ्याकडं पाहत होती, ओळखत होती.

मी पळालो तो आधी उपकेंद्राकडं. कुलूप आहे हे मला माहीत होतं, तरी पाय तिकडंच गेले. ते कुलूप मी हातात धरून ओढलं. मग तिथून जीपवाल्याकडं. चौघांनी तिला उचललं. मागच्या बाकावर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धाड मागं पडलं तोवर तिचा श्वास मोठ्यानं येत होता. नंतर येईना. जीपवाल्याला मी सांगितलं नाही. त्यानं गाडी जोरात चालवली, बुलढाण्यापर्यंत चालवली. मला त्याला थांबवावंसं वाटलं नाही.

तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "बाबा, बीपीच्या गोळ्या चालू होत्या का?"

मी म्हटलं, "हो."

मग म्हटलं, "नाई. संपल्या व्हत्या."

त्यानं मला काही सुनावलं नाही. कागद लिहिला. म्हणाला, "ती गोळी मधेच थांबवायची नसते." त्याचा आवाज साधा होता, पुढच्या माणसाला माहिती द्यावी तसा.

सकाळ झाली तेव्हा ती घरात पांढऱ्या चादरीखाली होती. बायका भोवती बसल्या होत्या. आमची मुलगी नाशिककडून निघाली होती, ती दहापर्यंत येणार होती. अंगणात बसायला कोणीतरी समाजमंदिरातून सतरंज्या आणल्या आणि अंथरल्या. मला उठू दिलं नाही.

आमच्या गावात कोणी गेलं की पंचायतीच्या भोंग्यावरून सांगतात. अमुक यांचं दुःखद निधन झालं, अंत्ययात्रा इतक्या वाजता. माझ्या नोकरीत हे मी किती जणांसाठी सांगितलं असेल, त्याला गणती नाही. चिठ्ठी यायची, ती मामी मला वाचून दाखवायची, दोनदा ऐकलं की मला पाठ व्हायचं. मग मी जाऊन बोलायचो. माझं स्वतःचं असं त्यात काही नसायचं.

सरपंच आला. माझ्याजवळ खाली बसला, माझ्या पाठीवर हात ठेवला. तो रडला, खोटं रडला नाही. लहानपणी मामीच्या हातचं खाल्लेलं आहे त्यानं. मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि नव्या कोतवालाला दिली. म्हणाला, "जा, सांगून ये भोंग्यावर."

मी म्हटलं, "वाच बरं काय लिवलं."

कोतवालानं वाचलं. "दीर्घ आजाराने दुःखद निधन."

"दीर्घ आजार कुठून आणला?" मी सरपंचाला विचारलं. "काल चहा दिला तिनं तुमाले."

"मामा, असंच लिवतात हो. रीत हाय."

"आण ती चिठ्ठी."

"मामा, तुमी बसा. त्याले जाऊ द्या."

"माझं काम हाय ते," मी म्हटलं, आणि उठलो. चपला सापडल्या नाहीत, तसाच निघालो. पंचायत शंभर पावलांवर आहे. कोतवालानं धावत येऊन कुलूप उघडून दिलं. चिठ्ठी मी टेबलावर ठेवली. मला ती तशीही नीट वाचता आली नसती. बटण दाबलं, माइकवर टिचकी मारली, बाहेर भोंगा खरखरला.

मी सांगितलं:

"गाववाल्यांनो, आयका. मी कोतवाल बोलून राह्यलो. काल संध्याकाळी माझी बायको वारली. ती आजारी नोयती. तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या व्हत्या अन् उपकेंद्राले कुलूप हाय. मी धाडहून आणतो म्हणलो व्हतो, म्या नाई आणल्या. कालच्या सभेत ते कुलूप कधी उघडन हे तिले आमदारसाहेबाले इचारायचं व्हतं. तिनं इचारू नये म्हणून म्या तिले चहा आणाले पाठवलं. सरपंचानं सांगितलं म्हणून पाठवलं. पण पाठवलं म्या. अंत्ययात्रा अकरा वाजता निघन."

भोंग्यावरचं दोनदा सांगायचं असतं, कोणाचं पहिल्यांदा ऐकायचं राहिलं तर म्हणून. मी परत पहिल्यापासून सुरू केलं. सरपंच दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं बटणाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तो तिथंच उभा राहिला. मी सगळं शेवटपर्यंत सांगितलं. लाकडं आणणाऱ्यांनी दहालाच यावं, ट्रॅक्टर शाळेजवळ उभा राहील, हेही सांगितलं. मग बटण बंद केलं.