बुरशीचा काठ

तळ्याकाठच्या पाणकणसाचं एक पान मी हातात धरलं होतं. टोकाला तांबूस भुकटी, मधे काळे ठिपके आणि पाण्यात बुडालेल्या बुडख्यावर कापसासारखं पांढरं जाळं. एवढ्याशा पानावर इतक्या तऱ्हांची बुरशी नांदत होती.

"सोड ते, रोगट आहे," सोसायटीचे अध्यक्षकाका हातमोजे चढवत म्हणाले. आज त्यांची स्वच्छता मोहीम होती. अंगण झाडावं तसं तळं झाडायला माणसं कोयते घेऊन उतरली होती.

"काका, ही बुरशी मेलेली पानं कुजवते. त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे."

"अगं, कुजणं म्हणजेच घाण! इथे काठाला फरशी बसली की बघ कसं चकाचक दिसेल."

माझं डोकं तडकलं. डोळ्यांना रुचत नाही त्याला रोग म्हणायचं आणि उपटायचं. माणसांच्या वस्त्याही आपण अशाच उठवतो. मेलेल्यातून जिवंतांना जेवू वाढणारा हा सगळा गोतावळा एका सकाळी कापायचा आणि त्याला सेवा म्हणायचं!

"बाजूला हो, फोटोत येतेयस," मोहिमेचा फोटो काढायला मोबाइल धरून काका म्हणाले.

माझ्यासमोरचा एवढाच पट्टा कापायचा उरला होता. मी चपला काढल्या आणि गुडघाभर चिखलात, त्या पाणकणसात जाऊन उभी राहिले.

"काढा फोटो," मी म्हणाले, "पण कोयता इथून पुढे येणार नाही."